तलंगा वयात आल्या तरी अंडं नाही, आलं तर पापुद्र्याचं: कुठून तपासायला सुरुवात करायची

दरवर्षी दिवाळीनंतर हाच प्रश्न येतो. पावसाच्या तोंडाला, जूनमध्ये पिल्लं आणलेली असतात, दिवाळीपर्यंत तलंगा, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या, चांगल्या भरतात, तुरे लाल व्हायला लागतात आणि घरातले सगळे रोज सकाळी खुराड्यात वाकून बघतात तर काहीच नाही. मग कोण म्हणतं टॉनिक पाजा, कोण दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात टाकतं, कोण म्हणतं कोंबडा नाही म्हणून अंडी देत नाहीत. कोंबड्याचं तर डोक्यातून काढूनच टाका, अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. माझ्याकडं आणि आसपासच्या वाड्यांवर हा प्रश्न मी इतक्यांदा सोडवलाय की आता ठाम सांगतो, औषध यादीत सगळ्यात शेवटी. आधी कोंबडी हातात घेऊन बघायची, मग ती फिरते कुठं ते बघायचं, मग पाणी, खाद्य, उजेड, आणि मग दवाखाना. या क्रमानं गेलात तर बहुतेक वेळा एक पैसाही न घालता उत्तर सापडतं.

आधी लक्षणं जुळवा

- वय झालं, अंग भरलं, पण एकही अंडं नाही.
- तुरा लालभडक, अंडं घातल्यासारखं कॉक-कॉक ओरडते पण खुराड्यात अंडं नाही.
- चार-सहा अंडी दिली आणि एकदम थांबली.
- अंडं येतं पण टरफल नाही, नुसत्या पापुद्र्यात, हातात घेतलं की लिबलिबीत. नाहीतर टरफल इतकं पातळ की उचलतानाच चिरतं.
- पेंढ्यात ओला पिवळा डाग, टरफलाचे तुकडे.
- कोंबडी पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून एका जागी उभी, जोर करतेय, खात नाही. ही शेवटची गोष्ट दिसली तर बाकीचं सोडा आणि थेट खाली "अंडं अडकलं" तिथं जा.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे उगाच घाबरणार नाही. तलंगेची पहिली काही अंडी वेडीवाकडीच असतात. एकदम लहान, कधी आत बलकच नाही, कधी दोन बलक, कधी टरफलावर रक्ताची बारीक रेघ, मधेच एखादं मऊ. शरीराला अजून सवय व्हायचीय. दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप बसतं. त्यानंतरही मऊ अंडी चालूच राहिली, नाहीतर एकदा नीट बसल्यावर पुन्हा सुरू झाली, तर मग कारण शोधायचं.

वय आणि जात

फुकटातली तपासणी, आणि अर्ध्या लोकांचा प्रश्न इथंच संपतो. पोल्ट्रीतली पांढरी लेयर 18-20 आठवड्यांत अंड्यावर येते, यूट्यूबवर तेच ऐकून लोक गावठी तलंगेकडून तीच अपेक्षा धरतात. आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प यांना 20 ते 24 आठवडे धरा. ग्रामप्रिया, गिरिराज, वनराजा साडेपाच ते सहा महिने. कडकनाथ सहा महिने. गावठी सहा-सात महिने, आणि असीलला सात महिन्यांच्या पुढं सुद्धा लागतात. बाजारातून मोठी तलंग आणली असेल तर विकणाऱ्यानं सांगितलेलं वय पक्कं धरू नका, अंगावरूनच ठरवा.

मिक्स पिल्लं घेतली असतील तर आणखी एक बघा. ज्याला तलंग समजताय तो कोंबडा निघू शकतो. पाठीच्या शेवटाला, शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकाकणारी पिसं दोन्ही बाजूंना लोंबत असतील तर तो कोंबडा, कोंबडीची तिथली पिसं गोल टोकाची असतात. ब्रॉयलरची पिल्लं स्वस्तात मिळाली म्हणून वाढवली असतील तर त्यांच्याकडून अंड्यांची आशा ठेवू नका, ती जातच मटणासाठी काढलेली आहे.

कोंबडी हातात घ्या

हे रात्री करायचं. दिवसा पळापळ होते, कोंबडी घाबरते, आणि घाबरलेली तलंग दोन दिवस अंडं मागं ढकलते. अंधार पडला की दांडीवर बसलेली असते तेव्हा दोन्ही पंख धरून हळूच उचला, छातीखाली तळहात द्या, तिचं तोंड तुमच्या काखेकडं आणि शेपूट पुढं. मोबाईलचा टॉर्च मंद ठेवा.

आता गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, जरा खाली, दोन पातळ हाडांची टोकं बोटाला लागतात. त्या दोन टोकांच्या मधे किती बोटं बसतात ते बघायचं. जेमतेम एक बोट बसत असेल, हाडं ताठ असतील, तर ती अजून अंड्यावर आलेली नाही, वाट बघा, बाकी काही करू नका. दोन-तीन बोटं आरामात बसत असतील आणि हाडं जरा लवत असतील तर ती अंडी देतेय नाहीतर आठवड्याभरात देईल. गुदद्वार पण बघा, न घालणारीचं लहान, गोल, कोरडं असतं, घालणारीचं रुंद, ओलसर आणि फिकट. कडकनाथला रंगावरून काही कळत नाही, तिथं बोटांवरच विसंबायचं.

दिवसा करायची सोपी खूण म्हणजे पाठीवर हात ठेवला की पळून न जाता पंख जरा पसरून खाली दबून बसते. अशी बसायला लागली की अंडं जवळ आलं.

ही तपासणी महत्त्वाची का, तर पुढचा सगळा रस्ता यावरून फुटतो. हाडं मिटलेली असतील तर प्रश्न वयाचा, उजेडाचा किंवा खाद्याचा. हाडं उघडलेली आहेत आणि अंडं नाही, तर अंडं कुठंतरी जातंय. ते शोधायचं.

अंडं घालतेय, तुम्हाला सापडत नाही

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांत हे मी सगळ्यात जास्त बघितलंय. तलंग पहिलं अंडं घालायच्या आधी दोन-तीन दिवस जागा शोधत फिरते, कोपऱ्यात शिरते, बाहेर येते, परत शिरते. तिला अंधारी, आडोशाची, मऊ जागा हवी असते आणि तुमच्या खुराड्यात ती नसेल तर ती कडब्याच्या गंजीत, सरपणाच्या ढिगामागं, गोठ्यातल्या गव्हाणीत, शेजाऱ्याच्या कुंपणात, कुठंही घालते.

उपाय सोपा आहे. आठवडाभर सकाळी सोडूच नका, अकरापर्यंत कोंडून ठेवा, आत पाणी आणि खाद्य ठेवा. बहुतेक कोंबड्या अंडं सकाळीच घालतात, त्यामुळं दोन-चार दिवसांत दूध का दूध पानी का पानी होतं. काही तलंगा दुपारी घालतात, म्हणून एवढ्यानं नाही सापडलं तर एक दिवस पूर्ण कोंडून बघा. खुराड्यात चार-पाच कोंबड्यांमागं एक घरटं हवं, फूटभर लांब-रुंद, लाकडी खोका, जुनी घमेली, फळांचं क्रेट, काहीही चालतं, फक्त तोंडाला अर्धा पडदा सोडून अंधार करा आणि खाली भाताचा पेंढा नाहीतर लाकडाचा भुसा टाका. घरटं बसायच्या दांडीपेक्षा खाली पाहिजे, नाहीतर कोंबड्या घरट्यातच झोपतात आणि सगळी घाण तिथंच. आत एक लाकडाचं अंडं नाहीतर जुना गोल्फचा बॉल ठेवला की नव्या तलंगेला जागा कळते.

खुराड्यातलंच अंडं गायब होत असेल तर चोर शोधा. उंदीर, घूस, मुंगूस, कावळा, कुत्रा हे मागं काहीतरी खूण ठेवतात, टरफल, ओरखडे, सांडलेला बलक. अंडं अख्खं नाहीसं होत असेल आणि काहीच मागं राहत नसेल तर साप धरून चाला. नाग अंडं अख्खं गिळतो. म्हणून अंधाऱ्या घरट्यात, गंजीत, ढिगात कधीही सरळ हात घालायचा नाही, आधी बॅटरी मारायची, काठीनं पेंढा हलवायचा, मग हात. लहान पोरांना अंडी काढायला पाठवत असाल तर त्यांना हे पहिल्या दिवशीच शिकवा. साप दिसला तर मारू नका, लांब व्हा आणि सर्पमित्राला बोलवा.

कोंबड्याच अंडी खातायत का हे चोचीवरून कळतं, बलक वाळून पिवळा चिकटलेला असतो. ही सवय बहुतेक वेळा पातळ टरफलापासून लागते, अंडं पायाखाली फुटतं, एक चाखते, मग बाकीच्या शिकतात. दिवसातून दोनदा अंडी उचला, घरट्यात अंधार वाढवा, आणि टरफल घट्ट कसं होईल ते खाली सांगतो तसं करा.

पाणी

लोक हे तपासतच नाहीत. कोंबडी जेवढं खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, साधारण पाव लिटर, उन्हाळ्यात त्याच्याही दुप्पट. अंड्यात बहुतांश पाणीच असतं, एक दिवस भांडं उलटं पडून राहिलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडं थांबतं आणि पुन्हा सुरू व्हायला बरेच दिवस जातात. भांडं सावलीत, विटेवर ठेवा म्हणजे माती-विष्ठा जात नाही. एकच भांडं असेल आणि एखादी दांडगी कोंबडी बाकीच्यांना येऊ देत नसेल तर दुसरं भांडं लांब ठेवा.

खाद्य आणि शिंपला

मऊ अंड्याचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या अंड्याचं टरफल पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यात दोन ग्रॅम नुसतं कॅल्शियम. नुसत्या कण्या, शिळा भात, चपातीचे तुकडे आणि मूठभर ज्वारी यातून तेवढं येणं शक्यच नाही. मग कोंबडी आधी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून देते, ते संपत आलं की टरफल पातळ, मग नुसता पापुद्रा, आणि शेवटी पाय लुळे पडून बसते.

पिल्लांचं नाहीतर ग्रोवरचं (वाढत्या तलंगांच्या खाद्याचं) पोतं संपेपर्यंत तेच घालत राहणं ही नेहमीची गोष्ट. ग्रोवरमधे कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं, लेयर मॅशमधे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, साडेतीन-चार टक्के. पहिलं अंडं दिसलं की लेयर मॅशवर आणा, दर कोंबडी 100 ते 120 ग्रॅम दिवसाला, मोकळी फिरून किडे-गवत खात असेल तर थोडं कमी चालतं. पण तुरा पण आला नाही अशा लहान तलंगांना लेयर मॅश आधीपासून घालू नका, जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या किडनीवर येतं. लहानमोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोवर आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला गरज आहे ती बरोबर जाऊन खाते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत.

शिंपल्याचा चुरा पशुखाद्याच्या दुकानात शेल ग्रिट म्हणून मिळतो. कोकणात असाल तर विकत घ्यायची गरजच नाही, तिसऱ्या-मुळ्यांची टरफलं धुऊन, चुलीत भाजून, कुटून ज्वारीच्या दाण्याएवढा भरडा करा. पीठ करू नका. भरडा पोटात सावकाश विरघळतो आणि हेच महत्त्वाचं, कारण अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले वीसेक तास टरफल चढायला जातात, आणि त्यातली बरीचशी वेळ रात्रीची असते, जेव्हा कोंबडी काही खात नाही. म्हणून चुरा संध्याकाळी दांडीवर जायच्या आधी समोर पाहिजे. घरच्या अंड्यांची टरफलं पण चालतात, फक्त भाजून बारीक करा, अख्खी टाकलीत तर अंडं ओळखून फोडायला शिकतात. बांधकामाचा चुना घालू नका.

प्रोटीन कमी पडलं तरी अंडं थांबतं. सुकटीचा चुरा चांगला, पण खारवलेली सुकट नको, मिठानं विष्ठा पातळ होते आणि पाणी जास्त पितात. शेंगदाणा पेंड आणि मका घालत असाल तर वास घेऊन बघा, बुरशीचा कुबट वास आला की ते पोतं टाकून द्या, जीव जळतो पैसे गेले म्हणून पण बुरशीचं विष कोंबडीचं लिव्हर खराब करतं. आणि कोंबड्यांना दिवसातला थोडा वेळ तरी ऊन मिळू द्या, ऊन नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

उजेड

आता सुरुवातीला म्हटलेल्या दिवाळीनंतरच्या प्रश्नाचं खरं उत्तर. जूनमधे निघालेलं पिल्लू सहा महिन्यांचं होतं ते डिसेंबरात, वर्षातले सगळ्यात लहान दिवस तेव्हाच असतात. पुण्याकडं डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा, जूनमधे सव्वातेराच्या आसपास. कोंबडीनं भरपूर अंडी द्यायला 14 ते 16 तास उजेड सगळ्यात चांगला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवस लहान होत चाललेत की मोठे हे तिच्या शरीराला कळतं. लहान होत असतील तर गावठी तलंग सरळ थांबते.

घरच्या चार-सहा कोंबड्या असतील तर माझं मत, काही करू नका. 22 डिसेंबरनंतर दिवस मोठे व्हायला लागतात आणि बऱ्याच तलंगा माघ-फाल्गुनात आपसूक सुरू होतात. अंडी विकायची असतील तर खुराड्यात एक लहान एलईडी बल्ब टायमरवर लावा, पहाटेच्या बाजूनं, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत 14-15 तासांपर्यंत न्या. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर ज्या खाली असतात त्यांना दांडी दिसत नाही, जमिनीवरच रात्र काढतात. 16 तासांच्या वर नको. अंग न भरलेल्या तलंगांना उजेड वाढवून लवकर अंड्यावर आणू नका, शरीर लहान आणि अंडं मोठं, मग अंडं अडकतं नाहीतर मागून अंग बाहेर येतं.

ऊन, हलवाहलव, भीती

एप्रिल-मेमधे, विदर्भ-मराठवाड्यात तर मार्चपासूनच, चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या कोंबड्या पातळ टरफल देतात. धाप लागल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि टरफल चढायला जे लागतं तेच कमी पडतं. पहाटे आणि संध्याकाळी खायला घाला, दुपारी गार पाणी, पत्र्यावर पाचट नाहीतर ओलं गोणपाट. नवीन जागी आणलेली, नवीन कोंबड्यांत सोडलेली, रात्री कुत्र्यानं भ्यालेली तलंग दोन-तीन आठवडे थांबू शकते. तिला फक्त शांतता द्या.

उवा, गोचीड, जंत

पुन्हा रात्रीच टॉर्च घेऊन बघा. पंखांखाली आणि गुदद्वाराजवळची पिसं बाजूला करा, बुडाशी पांढुरक्या लिखा, पळणाऱ्या उवा दिसतील. गोचीड आणि लाल किडे दिवसा कोंबडीवर नसतातच, ते खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दांडीच्या खालून आणि फटीतून पांढरा कागद फिरवा, लाल रेघा उमटल्या की कळलं. तुरा फिका पडलेला असेल तर हे नक्की बघा. फटी बुजवा, पेंढा जाळून नवीन घाला, राख आणि कोरडी माती एका घमेल्यात ठेवा, त्यात त्या स्वतः लोळतात. गोचीड जास्त असेल तर फवारणीचं औषध दवाखान्यात विचारूनच, शेतातलं कीटकनाशक कोंबडीवर मारायचं नाही.

जंतांचं औषधही अंदाजानं नको. ताजी विष्ठा कागदात बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तपासून डोस सांगतात. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथंच विचारून घ्या.

अंडं अडकलं

पिसं फुगलेली, शेपूट खाली, पाय फाकवून ताठ उभी, पुन्हा पुन्हा जोर. कोमट पाण्याच्या टबात मागचा भाग बुडवून वीसेक मिनिटं बसवा, पुसून कोरडी करा, गुदद्वाराला खोबरेल लावा, अंधाऱ्या उबदार खोक्यात एकटी ठेवा. बऱ्याचदा दोन-तीन तासांत अंडं सुटतं. नाही सुटलं तर एकदा परत करा. त्यानंतर थांबा. पोट दाबू नका, आतल्या आत अंडं फोडू नका, टरफलानं आत कापलं की कोंबडी वाचत नाही. त्याच दिवशी डॉक्टर. मागून लाल मांसाचा गोळा बाहेर आला असेल तर लगेच वेगळी काढा, बाकीच्या टोचून टोचून मारतात, आणि ते पण डॉक्टरचंच काम.

इथं स्वतःचे उपाय बंद

सगळ्या कोंबड्यांची अंडी एकदम कमी झाली, मऊ आणि रंग उडालेली यायला लागली, सोबत घरघर, हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, लुळं पडणं, ही मानमोडीची (राणीखेत रोगाची) लक्षणं आहेत. अंडं उतरवणारे दुसरे विषाणूजन्य आजारही असतात आणि ते बघून ओळखता येत नाहीत, नमुने तपासावे लागतात. या आजारांवर औषध नाही. मानमोडीची लस आहे, लासोटा पहिल्या आठवड्यात आणि पुढं आठ-दहा आठवड्यांच्या सुमाराला आर2बी, ती दिली नसेल तर डॉक्टरला तसं सांगा.

एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, तर मेलेल्याला हात लावू नका, जिवंत असतील त्या विकू नका, कापू नका, कुठं हलवू नका, मेलेल्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला कळवा. बर्ड फ्लू आपल्याकडं 2006 साली नवापूरला आला, 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात, त्यामुळं हे कुठंतरी लांबचं आहे असं धरू नका.

फोन करताना हे हाताशी ठेवा म्हणजे डॉक्टरला लगेच अंदाज येतो: जात आणि वय, किती कोंबड्या आणि त्यातल्या किती आजारी, पहिलं अंडं कधी आलं, खाद्य कोणतं आणि कधी बदललं, लस कोणती आणि कधी दिली, गेल्या महिन्यात नवीन कोंबडी आणली का, आणि आधी काही औषध पाजलंय का. विष्ठेचा आणि अंड्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पापुद्र्याचं अंडं सापडलं तर फेकू नका, डबीत घालून सोबत न्या.